कोळंबीच्या आतड्यातील व्हिब्रिओ : १६एस जुळूनही जात का ठरत नाही?

खारभूमी (धागाकर्ता)

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी तलावांत वाढवलेल्या व्हेनामी कोळंबीच्या आतड्यातील जीवाणू ओळखण्याचे काम मी आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेत आहे. त्यात एक पेच उभा राहिला असून, या विषयात प्रत्यक्ष हात घातलेल्या सभासदांनी मत द्यावे या अपेक्षेने तो तपशीलवार मांडतो.

कोळंबी साफ करताना पाठीतला जो काळा दोरा आपण ओढून टाकतो, तेच तिचे आतडे. ते निर्जंतुक चिमट्याने सोडवून मिठाच्या द्रावणात घोटले, द्रावण क्रमाक्रमाने विरल केले आणि टीसीबीएस माध्यमावर पसरले. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे काही वसाहती पिवळ्या, काही हिरव्या आल्या. हे माध्यम पित्तक्षार आणि अल्कधर्मी सामू यांच्या जोरावर बाकीच्या बहुतेक जीवाणूंना रोखून धरते आणि व्हिब्रिओ या खाऱ्या पाण्यात आढळणाऱ्या जीवाणूंच्या प्रजातीला वाढू देते; त्यातली साखर ज्यांना पचते त्यांनी सोडलेल्या आम्लामुळे माध्यम पिवळे पडते, ज्यांना पचत नाही त्यांच्या वसाहती हिरव्या दिसतात. म्हणजे रंगावरून साखर पचते की नाही एवढेच कळते.

म्हणून वसाहती पुन्हा पुन्हा रेघोटून शुद्ध केल्या, डीएनए काढला आणि १६एस आरआरएनए जनुकाचा जवळजवळ पूर्ण लांबीचा, सुमारे १५०० अक्षरांचा तुकडा नेहमीच्या २७एफ आणि १४९२आर या प्रायमरांनी (जनुकाच्या दोन टोकांशी जुळणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) वाढवून सँगर पद्धतीने वाचून घेतला. पेच येथून पुढे आहे. एका हिरव्या वसाहतीचा क्रम ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या साधनात टाकला, तर पहिल्या पानावर व्हिब्रिओ कॅम्पबेली, व्हिब्रिओ हार्वेयी, व्हिब्रिओ ओवेन्सी, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आणि व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस ही सगळी नावे ९९ टक्क्यांच्या वरच आली. त्याच वसाहतीचा तुकडा उलट बाजूने वाचला, तर यादीतले पहिले नाव बदलले. विद्यार्थ्याने प्रबंधात सरळ पहिले नाव लिहून टाकले आहे आणि मला ते मान्य नाही. पण त्याऐवजी नेमके काय लिहावे, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. आतड्यातील इतक्या जवळच्या जाती जनुकक्रमावरून वेगळ्या करायच्या तर कोणते जनुक वाचावे, आणि कुठे थांबावे?

सूक्ष्मदर्शी

आपला आक्षेप रास्त आहे. ब्लास्टच्या यादीतले पहिले नाव हे ओळखीचे प्रमाणपत्र नव्हे. जेनबँक या सार्वजनिक क्रमसंग्रहात क्रम जमा करणारा जे नाव देतो तेच सहसा तेथे राहते, त्यामुळे कोणीतरी पूर्वी १६एसवरूनच ठरवलेले नाव आपण आज पुन्हा १६एसवरून उचलतो आणि तो घोळ तसाच पुढे जातो. निदान एवढे करावे की शोध घेताना केवळ टाइप स्ट्रेनचे क्रम दाखवण्याची सोय निवडावी. टाइप स्ट्रेन म्हणजे ज्या वाणावर त्या जातीचे नाव अधिकृतपणे बांधलेले असते तो वाण. तुलना त्याच्याशीच झाली पाहिजे.

१६एस इतके लोकप्रिय का झाले आणि येथे ते अपुरे का पडते, ही दोन्ही कारणे एकच आहेत. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा तो गाभा असल्यामुळे त्यात झालेला बहुतेक बदल पेशीला परवडत नाही, म्हणून ते जनुक फार सावकाश बदलते. त्याचे काही पट्टे जवळजवळ सर्व जीवाणूंत सारखेच राहतात, आणि त्यामुळेच एकच प्रायमरजोडी कुठल्याही जीवाणूला लागू पडते. मधले नऊ पट्टे तुलनेने मोकळे असतात आणि फरक तेथे साठतात. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेवरून आर्किया हा जीवाणूंपासून पूर्णपणे वेगळा गट असल्याचे दाखवून दिले. अब्जावधी वर्षांपूर्वीची फाटाफूट दाखवणारे जनुक अगदी अलीकडे वेगळ्या झालेल्या जातींबाबत मात्र गप्प बसते, यात नवल नाही.

आता टक्क्यांचा प्रश्न. १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने जीवाणूंची जात ठरवण्यासाठी दोन वाणांच्या डीएनएचे परस्पर संकरण (दोघांचे धागे एकमेकांशी जुळून बसणे) ७० टक्के किंवा अधिक असावे, असा निकष ठेवला. ते संकरण करणे किचकट असल्यामुळे १९९४ मध्ये स्टॅकेब्रांट आणि गोबेल यांनी १६एसच्या आकड्याशी त्याची सांगड घातली आणि ९७ टक्क्यांची रेषा पुढे आली; २००६ मध्ये ती ९८.७ टक्क्यांपर्यंत वर सरकवण्यात आली. आपल्याकडे पुष्कळ प्रबंधांत या रेषेचा अर्थ उलटा लावला जातो. साम्य या रेषेच्या खाली असेल तर जाती वेगळ्या आहेत असे म्हणता येते. साम्य वर असेल तर जात एकच आहे, असे मात्र मुळीच म्हणता येत नाही. हा नियम एकाच दिशेने चालतो.

उलट बाजूच्या वाचनात नाव का बदलले, तेही पाहू. सँगरच्या एका वाचनात विश्वासार्ह अशी साधारण ७०० ते ८०० अक्षरे मिळतात. ७०० अक्षरांत ९९.५ टक्के साम्य म्हणजे फरक तीन-चार अक्षरांचा. शिवाय व्हिब्रिओमध्ये हे जनुक एकदाच नसते. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या २००३ मध्ये वाचलेल्या जीनोममध्ये या जनुकसंचाच्या ११ प्रती आहेत, दहा मोठ्या गुणसूत्रावर आणि एक लहान गुणसूत्रावर, आणि अशा प्रती आपसांत अक्षरशः सारख्याच असतील असे नाही. आपला क्रोमॅटोग्राम, म्हणजे वाचनयंत्राने काढलेला रंगीत शिखरांचा आलेख, उघडून पाहावा : एखाद्या जागी निळे आणि लाल शिखर एकावर एक चढलेले दिसेल, म्हणजे त्याच पेशीतल्या काही प्रतींत तेथे सी आहे आणि काहींत टी. सॉफ्टवेअर तेथे एकच अक्षर निवडून मोकळे होते. ज्या तीन-चार अक्षरांवर जातीचा निवाडा चालला आहे, त्यांतले एखादे अक्षर असे एकाच पेशीच्या पोटातले असू शकते.

खारभूमी

क्रोमॅटोग्राम पाहिले. पहिल्या बदलत्या पट्ट्याजवळ दोन ठिकाणी तशी जोडशिखरे आहेत आणि विद्यार्थ्याने ती हाताने ‘दुरुस्त’ केलेली होती. आता ती मूळ स्वरूपात ठेवून संदिग्धतेची खूण लिहायला सांगितले आहे. याचा अर्थ १६एस टाकून द्यावे काय?

सूक्ष्मदर्शी

टाकून देऊ नये. वसाहत व्हिब्रिओच आहे आणि त्यातही हार्वेयी गटातली, म्हणजे आपल्या यादीत आलेल्या त्या जवळच्या जातींपैकी, आहे हे त्यानेच सांगितले. टीसीबीएसवर क्वचित इतर जीवाणूही उगवतात, ते यातून गळून पडतात. पुढच्या पायरीसाठी प्रथिने बनवणारी घरकामाची जनुके घ्यावीत : जायआर-बी, रेक-ए, पायआर-एच, टॉप-ए. प्रथिनाच्या जनुकात तीन-तीन अक्षरांनी एक अमिनो आम्ल ठरते आणि तिसरे अक्षर बदलले तरी अमिनो आम्ल बहुधा तेच राहते. त्यामुळे प्रथिनाला धक्का न लागता तिसऱ्या जागी फरक साठत जातात, आणि जवळच्या जातींमध्ये जेथे १६एस हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे फरक दाखवते, तेथे ही जनुके कितीतरी पट अधिक फरक दाखवतात.

व्हिब्रिओंच्या बाबतीत ही वाट मळलेली आहे. २००७ मध्ये जपानमधील सावाबे यांच्या गटाने १६एस धरून नऊ जनुकांच्या आधारे संपूर्ण कुळाची शाखावार मांडणी केली, आणि हार्वेयी गट हा शब्दप्रयोग आज ज्या अर्थाने वापरला जातो तो त्याच प्रकारच्या कामातून रुळला. नऊही जनुके वाचण्याची आपल्याला गरज नाही, तीन-चार पुरेत.

रेवदंडा_पॉंड

मी तलाववाला आहे, प्रयोगशाळेतला नाही, तरी विचारतो. आमच्याकडे पाण्याची आणि कोळंबीची प्लेट लावून देणारे लोक हिरव्या वसाहती मोजतात आणि हिरवे वाढले की घाबरवतात. पिवळे म्हणजे चालते, हिरवे म्हणजे वाईट, असा हिशेब सगळीकडे पक्का झाला आहे. आपल्या चर्चेवरून या हिशेबाला फारसा आधार दिसत नाही. तसेच असेल, तर स्पष्ट सांगावे.

सूक्ष्मदर्शी

अर्धाच आधार आहे. पॅराहिमोलिटिकस आणि कॅम्पबेली बहुधा हिरव्या वसाहती देतात आणि कोळंबीचे काही गंभीर आजार त्यांच्याशी निगडित आहेत, म्हणून तो हिशेब रुजला. परंतु हार्वेयीचे काही वाण पिवळे तर काही हिरवे असतात, आणि खुद्द कॉलऱ्याचा व्हिब्रिओ या माध्यमावर पिवळाच येतो. हिरव्यांची संख्या एकाएकी चढणे ही पाण्याकडे लक्ष द्यावे अशी सूचना जरूर मानावी. त्यावरून जातीचे किंवा रोगाचे नाव मात्र देऊ नये.

देवगडची_डॉक्टर

विषय कोळंबीचा असला तरी माणसाच्या आतड्यातील एका जोडीची आठवण येथे अपरिहार्य आहे. एशेरिकिया कोलाय १८८५ मध्ये थिओडोर एशेरिख यांनी वर्णिला, तर शिगेला १८९७ मध्ये जपानमधील आमांशाच्या साथीत कियोशी शिगा यांनी शोधला. आमच्या टेबलावर या दोघांची ओळख सोपी वाटते : मॅककॉंकी माध्यमावर पहिला दुधातली साखर पचवून गुलाबी वसाहती देतो आणि दुसरा सहसा रंगहीन राहतो. १६एसवर मात्र ते वेगळे करता येत नाहीत, आणि संपूर्ण जीनोम शेजारी शेजारी ठेवले तर शिगेलाच्या चारही जाती कोलायच्या कुळातच मोडतात. इतकेच नव्हे, तर त्या एका फांदीवरही नसून कोलायच्या निरनिराळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवलेल्या आहेत. प्रत्येक वेळी घडले ते असे, की आतड्याच्या पेशींत शिरण्याची सामग्री असलेला एक मोठा प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा स्वतंत्र तुकडा) येऊन मिळाला आणि काही जुनी जनुके निकामी झाली.

तरीही अहवालात आम्ही शिगेला असेच लिहितो आणि मला ते योग्य वाटते, कारण तो शब्द वाचून समोरचा डॉक्टर काय करणार हे ठरलेले आहे. वर्गीकरणाचे शास्त्र आणि रुग्णाचे कागद यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही. कोलाय आणि शिगेला यांच्या मध्ये उभे असलेले, आतड्याच्या पेशींत शिरणारे कोलायचे वाणही आहेत आणि ते ओळखताना आमचीही पंचाईत होते. आयपीए-एच हे जनुक शोधले तरी पंचाईत सुटत नाही, कारण ते शिगेलात आणि या वाणांत, दोघांतही असते!

आंबेमोहोर

डॉक्टरांचा मुद्दा वाचून आमच्या वाडीची आठवण झाली. सगळ्यांचे आडनाव एकच, त्यामुळे पोस्टमनला नुसते आडनाव सांगून उपयोग नाही. पण मग माझा प्रश्न असा, की जनुकाने जनुक वाचत जायचे तर शेवट कुठे? दर दोन वाणांत काही ना काही फरक निघणारच. जात ही निसर्गातली वस्तू आहे, की आपण ओढलेली रेघ?

सूक्ष्मदर्शी

रेघ आपणच ओढतो. परंतु ती कुठेही ओढत नाही. हजारो जीनोमांची आपसांत तुलना केली, तर सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, एका जातीतल्या जोड्यांत बहुधा ९५ टक्क्यांच्या वर असते, आणि साधारण ८५ ते ९५ या पट्ट्यात सापडणाऱ्या जोड्या तुलनेने विरळ असतात. म्हणजे ओसाड पट्टा आधी आहे आणि रेघ त्या पट्ट्याच्या कडेला, ९५-९६ टक्क्यांवर, ओढलेली आहे. जुना ७० टक्के संकरणाचा निकषही साधारण तेथेच येऊन पोहोचतो. हार्वेयी गटातल्या काही जोड्या मात्र या रेषेच्या अगदी उंबरठ्यावर असतात, म्हणूनच येथे वाद अधिक.

या गटातला गाजलेला दाखला बीबी-१२० या वाणाचा आहे. जीवाणू एकमेकांची संख्या ओळखून एकाच वेळी प्रकाशू लागतात, हे ज्या वाणांवर अभ्यासले गेले त्यांत त्याचे नाव अग्रभागी, आणि वर्षानुवर्षे शोधनिबंधांत त्याला व्हिब्रिओ हार्वेयी म्हटले गेले. २०१० मध्ये जीनोमची तुलना झाल्यावर तो व्हिब्रिओ कॅम्पबेली ठरला. इतका अभ्यासलेला वाण चुकीच्या नावाने वावरू शकतो, तर आपल्या विद्यार्थ्याच्या हिरव्या वसाहतीबाबत घाई कशाला? (कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर चमकतात, त्यांचा मात्र या जीवाणूंशी संबंध जोडू नये, ती बहुतांशी नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची करामत असते. हॅचरीच्या टाकीत अंधारात चमकणारी मरणासन्न पिल्ले दिसली, तर ते काम व्हिब्रिओंचे.)

खारभूमी

तीन-चार जनुकांचा सल्ला मानून काम केले. हाती आलेले निकाल मांडतो. प्रत्येक जनुकाचा स्वतंत्र वंशवृक्ष काढला, सर्व संबंधित जातींचे टाइप स्ट्रेन त्यात घेतले आणि बाहेरचा गट म्हणून व्हिब्रिओ कॉलरी ठेवला. पहिली हिरवी वसाहत चारही वृक्षांत कॅम्पबेलीच्या टाइप स्ट्रेनशेजारी बसते आणि त्या फांदीचा बूटस्ट्रॅप आधार (वृक्ष पुन्हा पुन्हा काढून ती फांदी किती वेळा टिकते त्याचे माप) भक्कम आहे. पिवळी वसाहत अल्जिनोलिटिकसच्या बाजूला जाते. दुसऱ्या हिरव्या वसाहतीने मात्र पेच टाकला : जायआर-बी आणि पायआर-एच तिला ओवेन्सीजवळ नेतात, तर रेक-ए तिला कॅम्पबेलीत बसवते. चारही जनुकांचे क्रम एकामागे एक जोडून एकत्र वृक्ष काढला, तर ती ओवेन्सीकडे झुकते, पण त्या फांदीचा आधार कमी होतो. एकत्र वृक्षावर भिस्त ठेवावी काय?

सूक्ष्मदर्शी

सुटे वृक्ष आधी काढलेत हे फार चांगले केलेत. पुष्कळ जण क्रम थेट जोडतात आणि मग जनुकांतला हा बेबनाव दिसतच नाही. तो दिसला की तीन शक्यता तपासाव्यात, आणि याच क्रमाने.

पहिली शक्यता अशी, की वसाहत शुद्ध नाही. ओवेन्सी आणि कॅम्पबेली दोघेही टीसीबीएसवर सारखेच दिसू शकतात, आणि एका प्रायमरजोडीला एक तर दुसरीला दुसरा अधिक रुचतो. टीसीबीएसवर रोखले गेलेले जीवाणूही जिवंत राहून वसाहतीच्या कडेला चिकटून असतात. तेव्हा शुद्धीकरण टीसीबीएसवर न करता मीठ घातलेल्या साध्या पोषक माध्यमावर करावे आणि नवी सुटी वसाहत घेऊन रेक-ए पुन्हा वाचावे.

दुसरी शक्यता वाचनातल्या दोषाची. ही प्रथिनांची जनुके असल्यामुळे येथे एक पडताळा फुकट मिळतो, जो १६एसमध्ये मिळत नाही : क्रमाचे अमिनो आम्लांत भाषांतर करून पाहावे. मध्येच थांब्याची खूण आली, तर कुठेतरी एखादे अक्षर गळले आहे किंवा जास्तीचे घुसले आहे. जुळणीही अमिनो आम्लांच्या पातळीवर करून मग अक्षरांत आणावी, म्हणजे तीन-तीनची चौकट मोडत नाही. जायआर-बीसाठी आपण १९९५ मध्ये यामामोटो आणि हारायामा यांनी मांडलेले सर्वसमावेशक प्रायमर वापरले असतील, तर त्यांत संदिग्ध अक्षरे पुष्कळ असल्यामुळे भलताच तुकडाही वाढू शकतो. जेलवर एकच पट्टा आहे ना, हे पाहून घ्यावे. प्रायमरच्या जागेची अक्षरे दोन्ही टोकांकडून कापून टाकावीत, कारण ती आपल्या जीवाणूची नसून बाटलीतली असतात.

दोन्ही तपासण्यांतून वसाहत पार पडली, तर तिसरी शक्यता उरते आणि ती खरी रंजक आहे : रेक-एचा तो तुकडा त्या जीवाणूने शेजाऱ्याकडून घेतला असावा. आतड्यात आणि कवचावर दाटीने राहणारे हे जवळचे नातलग आपसांत डीएनए उचलतात. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ तर कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनवर वाढताना बाहेरचा डीएनए आत ओढून घेण्यास सज्ज होतो, हे २००५ मध्ये दाखवले गेले आहे. अशा वेळी चार जनुकांनी निवाडा होत नाही. संपूर्ण जीनोम वाचून एएनआय काढणे एवढाच मार्ग राहतो. तो होईपर्यंत प्रबंधात ‘व्हिब्रिओ, हार्वेयी गट, जात अनिश्चित’ असे लिहावे. परीक्षकाला ते आवडणार नाही, हे गृहीत धरावे.

आंबेमोहोर

माझी शंका अजून फिटलेली नाही. कोळंबी मरते ती विषामुळे, नावामुळे नव्हे. विषाचे जनुक थेट शोधले, तर हा सगळा वंशवृक्षांचा खटाटोप कशासाठी करायचा?

देवगडची_डॉक्टर

रोगनिदानापुरते आपले म्हणणे मी मान्य करते. कॉलऱ्याच्या विषाचे जनुकसुद्धा मूळ जीवाणूचे नसून एका विषाणूबरोबर आलेले आहे, हे १९९६ मध्ये वॉल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवले. खाड्यांच्या पाण्यात व्हिब्रिओ कॉलरी याच जातीचे, पण ते विष नसलेले वाण राहतात. तेव्हा नुसते जातीचे नाव ऐकून घाबरण्याचेही कारण नाही आणि निर्धास्त होण्याचेही नाही.

सूक्ष्मदर्शी

कोळंबीत हेच अधिक ठळकपणे दिसते. तलाववाले ज्याला ईएमएस (अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम, म्हणजे लवकर येणारी मर) म्हणतात, त्या रोगाचे कारण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हे नाव पुढे आले. नंतर उलगडले ते असे, की पिर-ए आणि पिर-बी ही विषाची जनुके सुमारे ७० हजार अक्षरांच्या एका प्लाझ्मिडवर बसलेली आहेत, आणि पुढे तीच कॅम्पबेली, हार्वेयी आणि ओवेन्सी यांच्या काही वाणांतही सापडली. या विषाने कोळंबीचे यकृत फिकट पडून आक्रसते, आतडे रिकामे दिसते आणि बीज सोडल्यावर पहिल्या महिनाभरात मर सुरू होते. त्याच पॅराहिमोलिटिकसचे माणसाला हगवण लावणारे वाण निराळे. त्यांच्याकडे टीडीएच किंवा टीआरएच ही जनुके असतात आणि कोळंबी मारणाऱ्या वाणांत ती सहसा नसतात. तेव्हा ‘पॅराहिमोलिटिकस सापडला’ या वाक्यातून कोळंबीला धोका आहे, खाणाऱ्याला आहे, की कोणालाच नाही, यांतले काहीच ठरत नाही.

मग वंशवृक्ष कशासाठी, याचे उत्तर हे की विषाचे जनुक कोणाच्या अंगावर बसून आले ते त्याशिवाय कळत नाही. एका तलावातल्या सगळ्या विषारी वसाहती एकाच वाणाच्या निघाल्या, तर बीज किंवा खाद्य यांतून एकदाच शिरकाव झाला असावा असा तर्क करता येतो. तेच प्लाझ्मिड चार निरनिराळ्या जातींत सापडले, तर ते तलावातच हातोहात फिरत आहे. या दोन परिस्थितींत तलाववाल्याने शोध कुठे घ्यायचा, ते पूर्णपणे वेगळे आहे. विषाचे जनुक शोधणाऱ्या पीसीआर तपासणीची पट्टी दोन्ही वेळा सारखीच उमटेल.

आंबेमोहोर

हे पटले.

पेझारी

मी पदव्युत्तर वर्गात आहे. आमच्याकडे वसाहती न वाढवता आतड्यातील एकूण डीएनएमधून १६एसचा व्ही३-व्ही४ हा बदलता पट्टा वाचून घेतात आणि अहवालात जातींचे रंगीत आलेख येतात. त्या आलेखांत हार्वेयी आणि पॅराहिमोलिटिकस यांचे टक्के वेगवेगळे दिलेले असतात. ते कितपत खरे मानावेत?

सूक्ष्मदर्शी

प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे व्हिब्रिओ एवढ्या नावापर्यंत) मानावेत, त्यापुढे जातीपर्यंत नाही. तो पट्टा सुमारे ४६० अक्षरांचा असतो, आणि पूर्ण जनुकाने जे जमले नाही ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने कसे जमणार? क्रम ९७ टक्क्यांवर एकत्र बांधण्याची जुनी पद्धत वापरली असेल, तर सबंध हार्वेयी गट एकाच मोळीत जातो. एकेका अक्षराचा फरक जपणाऱ्या नव्या पद्धतीत उलटा धोका आहे : एकाच जीवाणूच्या निरनिराळ्या १६एस प्रती दोन वेगळे रहिवासी म्हणून मोजल्या जातात. शिवाय ज्याच्याकडे अकरा प्रती आहेत तो आलेखात फुगून दिसतो आणि ज्याच्याकडे दोन आहेत तो रोडावतो, तेव्हा टक्क्यांचा अर्थही जपूनच लावावा. आतड्यात व्हिब्रिओंचा वाटा हंगामानुसार कसा बदलतो, एवढ्या प्रश्नासाठी ही पद्धत उत्तम आहे.

तलावात टाकायच्या बॅसिलसच्या प्रोबायोटिकबाबतही हेच. सबटिलिस, व्हेलेझेन्सिस आणि अमायलोलिक्विफेशियन्स ही मंडळी १६एसवर जवळजवळ एकच दिसतात, त्यामुळे पाकिटावरचे नाव पडताळायचे असेल तर तेथेही जायआर-ए किंवा जायआर-बी वाचावे लागते. माणसांसाठीच्या पाकिटांवर २०२० नंतर लॅक्टोबॅसिलसऐवजी लॅक्टिकेसिबॅसिलस, लिमोसिलॅक्टोबॅसिलस अशी लांबलचक नावे दिसू लागली, तीही जीनोमच्या तुलनेतूनच आलेली आहेत. एका प्रजातीच्या तेव्हा पंचवीस प्रजाती झाल्या.

खारभूमी

दुसरी हिरवी वसाहत साध्या माध्यमावर शुद्ध करून रेक-ए पुन्हा वाचले. या वेळीही ते कॅम्पबेलीतच बसते, भाषांतरात कुठेही थांब्याची खूण नाही आणि जेलवर पट्टा एकच आहे. तेव्हा ती जीनोमसाठी पाठवण्याचे ठरवले आहे, आणि वाण पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जमा करण्याबाबतही विचारणा करत आहोत. प्रबंधात तूर्त ‘जात अनिश्चित’ असेच छापले जाईल.

रेवदंडा_पॉंड

आमच्या तलावातले नमुनेही या अभ्यासात घेतले, तर मला आनंद होईल. कोळंबी बर्फाच्या पेटीत भरून गाडीने पाठवली तर चालेल काय? सकाळी काढलेली संध्याकाळपर्यंत पोहोचेल.

खारभूमी

अवश्य घेऊ, परंतु कृपया बर्फात घालून पाठवू नये. थंडीत काही व्हिब्रिओ मरत नाहीत, तरी माध्यमावर उगवण्याचे थांबतात, आणि प्लेट कोरी आली म्हणजे आतडे स्वच्छ होते असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उलट उन्हात राहिली, तर जे आधी थोडे होते ते वाटेतच भरमसाट वाढतात. त्याच तलावाच्या पाण्यात, एरेटर लावलेल्या पिशवीत जिवंत कोळंबी पाठवता आली तर उत्तम. ते जमत नसेल, तर आम्ही टीसीबीएसच्या प्लेटा आणि मिठाचे द्रावण आपल्याकडे आधी पोहोचवू, विद्यार्थी तलावावरच आतडे काढून प्लेटा लावतील, आणि त्याच कोळंबीच्या आतड्याचा उरलेला तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून डीएनएसाठी वेगळा आणतील. पाण्याची क्षारता त्याच वेळी मोजून ठेवावी. पहिल्या मोठ्या पावसाआधी एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर पुन्हा एकदा नमुने घेऊ, कारण खाडीचे पाणी गोडे होत गेले की मिठावाचून वाढू न शकणारे पॅराहिमोलिटिकससारखे व्हिब्रिओ मागे पडतात आणि कॉलरी वर येऊ शकतो. आपल्या तलावात पाणी कोणत्या भरतीला घेता आणि बीज केव्हा सोडले, हे मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे, म्हणजे तारीख ठरवता येईल.